पाऊस थांबल्यावर बांध कोण बघतं?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध १०, अध्याय २०

कालच्या एकोणिसाव्या अध्यायात वणवा होता. गोपाळांनी डोळे मिटले, कृष्णाने आग गिळली आणि सगळे गाईंसकट सुखरूप परतले. उद्याच्या एकविसाव्यात वेणुगीत आहे. आणि या दोन्हींच्या मधे, आज, चक्क हवामान! ४९ श्लोकांचा अख्खा अध्याय पावसाळा आणि शरद ऋतू यांच्या वर्णनाचा. राक्षस नाही, युद्ध नाही. कृष्ण-बलराम काय करतात म्हणाल तर पावसाची सर आली की झाडाखाली नाहीतर गुहेत शिरतात, कंदमुळं-फळं खातात, आणि पाण्याकाठच्या दगडावर बसून घरून आलेला दहीभात सगळ्यांबरोबर खातात. बस, एवढंच.

त्यामुळे ऑडिओवर भागवत ऐकणारे हा अध्याय दीडपट वेगाने पळवतात, हे मला माहीत आहे. मागच्या वर्षी एका वाचकाने विचारलं होतं, ‘दादा, हा स्किप केला तर चालेल का?’ एरवी चालेलही. पण आत्ता भाद्रपद संपत आलाय, पितृपक्ष चालू आहे, पाऊस हात आखडता घेतोय. हा अध्याय ज्या दिवसांबद्दल बोलतो ते दिवस खिडकीबाहेर आहेत. मग तो आत्ता नाही वाचायचा तर कधी?

अध्यायाची बांधणी साधी आहे. जवळजवळ प्रत्येक श्लोकात दोन भाग. एकात डोळ्यांना दिसणारं काहीतरी: ढग, डोंगर, चिखल, मासे, शेत. दुसऱ्यात माणसाच्या आत चालणारं काहीतरी. आपल्याला शाळेत उपमा शिकवली ती उलटी होती, म्हणजे न दिसणारं समजावायला दिसणारं वापरायचं. इथे शुकाचार्य शेत समजावायला योगी वापरतात! ऐकणारा कोण आहे हे आठवलं की याचा अर्थ लागतो. समोर परीक्षित राजा बसलाय, त्याच्या हातात सात दिवस आहेत. पुढचा शरद काही तो बघणार नाही. त्याला शेतकी शिकवायची नाहीये. निघायच्या आधी त्याला हे सगळं एकदा डोळे भरून दाखवायचं आहे, आणि दाखवता दाखवता त्याच्या कामाचं ते हातात द्यायचं आहे.

पहिले एकतीस श्लोक सोडून आज आपण बत्तिसाव्यापासून पुढे, म्हणजे शरदापासून बघू. त्यातही माझा मुक्काम एकेचाळिसाव्या श्लोकावर आहे. भावार्थ असा: शेतकऱ्यांनी घट्ट बांध घालून खाचरातलं पाणी धरून ठेवलं, जसं इंद्रियांच्या वाटेने पाझरून जाणारं ज्ञान योगी ती वाट अडवून धरतात.

मूळ श्लोकात शेताला ‘केदार’ शब्द आहे. केदार म्हणजे नुसतं शेत नव्हे. बांध घालून पाणी साठवलेलं खाचर. आणि बांधाला शब्द आहे ‘सेतू’. शब्दकोश उघडायची गरज मला पडली नाही, कारण हा श्लोक आमच्याकडे दर वर्षी याच आठवड्यात घडतो.

आमचं घर बदलापूरला, आणि शेत बारवी धरणाच्या रस्त्याला. दोन एकरांच्या आसपास भातशेती, वडिलांची आणि काकांची सामाईक. मी सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर असतो. शनिवार-रविवार जमेल तसा शेतावर. यंदा पाऊस चांगला झाला. बारवी भरल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली नमस्काराच्या हातांची रांग लागली. शहरातल्या आपल्या लेखी पाऊस चांगला झाला म्हणजे धरण भरलं, पाणीकपात टळली, विषय संपला. बदलापूर-अंबरनाथला उल्हास नदी घरात शिरली नाही, लोकल बंद पडली नाही, म्हणजे तर फारच चांगला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ती ज्यांनी पाहिली ते अजून जुलै आला की नदीकडे बघून मग झोपतात.

शेतात मात्र पाऊस चांगला झाला म्हणून विषय संपत नाही. उलट आत्ता कुठे खरा सुरू होतो.

आमच्याकडे भात तीन प्रकारचं. हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं चार महिन्यांच्या आत तयार होतं, ते आम्ही वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात लावतो. यंदा तिथे कर्जत-३ आहे, आपल्या शेजारच्या कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलेलं बियाणं. गरव्याला साडेचार-पाच महिने लागतात, ते खालच्या पाणथळीत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चित्र असं असतं की वरचं भात पिवळसर व्हायला लागलंय, मधलं निसवलंय, म्हणजे पोटरीतून लोंबी बाहेर आलीय, आणि खालचं अजून पोटरीतच. बांधावर तेरडा, कुर्डू, काकूने लावलेल्या काकड्या. समोर टावळीचा डोंगर धुऊन ठेवल्यासारखा, मागे चंदेरीचा सुळका स्पष्ट. फोटो काढावेत असे दिवस. पण काकांना फोटोत अजिबात रस नसतो. ते खाली बघत बांधावरून चालतात.

काय बघतात? गळती.

लोंबी बाहेर येताना आणि दाण्यात दूध भरताना भाताला पायाखाली पाणी लागतं. पाच ते दहा सेंटिमीटर उभं पाणी असलं की झालं. ते नसेल तर दाणा पोचट राहतो. आणि गंमत बघा, बाहेरून काहीच कळत नाही. लोंबी तेवढीच लांब, रंग तोच, वाऱ्यावर डोलतेही तशीच. हातात धरून दाणा चिमटीत दाबला तरच समजतं की आत काही भरलं नाही. आणि याच आठवड्यांत पाऊस जायला लागतो. मुंबईतून मोसमी वारे परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे ज्या वेळी पाण्याची गरज सगळ्यात नाजूक, त्याच वेळी वरचा नळ बंद होतो. तिथून पुढे भात जगतं ते बांधाने राखलेल्या पाण्यावर.

बांध कोण पोखरतं? खेकडे. बांधाच्या पोटात बीळ करतात, या बाजूने त्या बाजूला. काकांनी पहिल्यांदा मला बीळ दाखवलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, की जुलैमध्ये हे बीळ नव्हतं का. काका म्हणाले, ‘होतं की. पण पाऊस होता तोवर बांध धड आहे का फुटलाय, कोणाला कळतंय? वरून येतंच होतं. आता येत नाही, म्हणून कळलं.’

माझ्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. सर्व्हरला भरपूर मेमरी दिलेली असते तोवर प्रोग्रॅम गळतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. सगळं हिरवंगार दिसतं डॅशबोर्डवर. मग एक दिवस लोड वाढतो, किंवा खर्च वाचवायला कोणी मेमरी कमी करतं, आणि रात्री तीनला फोन वाजतो. लीक काही त्या रात्री झालेला नसतो.

आता श्लोकाकडे परत या. शुकाचार्यांनी बांधाने पाणी राखण्याचं हे उदाहरण पावसाळ्याच्या वर्णनात दिलेलं नाही, शरदाच्या वर्णनात दिलंय. मी हा अध्याय कितीतरी वेळा वाचलाय, पण ही जागा मला शेतावर जायला लागल्यावर दिसली. ज्ञान मिळवा, साधना करा, पाऊस पाडून घ्या, असं तो श्लोक म्हणतच नाही. पाऊस पडून गेलाय हे त्यात धरलेलं आहे. आता राखायचं कसं, एवढंच त्याला सांगायचं आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची भक्ती पावसाळी आहे, हे मी टीका म्हणून म्हणत नाही, पावसाळा हवाच. आषाढी आली, ग्रुपवर अभंग यायला लागले, ऑफिसमधले चार जण मिळून हरिपाठ म्हणायला लागलो. श्रावण, मग गणपती. रोज काही ना काही वरून पडतंच असतं. त्या दिवसांत आपण दिवसातून चार तास रील बघितले तरी आत कोरडं वाटत नाही, कारण तेवढंच वरून भरलं जातं. मग गणपती जातात. मांडव उतरतात. आणि एका साध्या मंगळवारी, सकाळच्या फास्ट लोकलला उभं राहून नाम घ्यायला जावं तर आत काहीच नाही. मला मेल येतात असे. ‘दादा, श्रावणात किती छान वाटत होतं, आता देव रुसलाय का?’ रुसला बिसला नाही. पाऊस थांबलाय, बिळं दिसायला लागलीत. आणि बिळं दिसण्याचा मोसम हाच असतो.

काका बीळ कसं बुजवतात तेही सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. ते वरून माती ओतत नाहीत. आधी बांधाच्या खालच्या बाजूने चालत कुठे ओल लागतेय, कुठे पाय रुततोय ते बघतात. मग वरच्या बाजूला, पाण्यात हात घालून, बिळाचं तोंड शोधतात. त्यात खाचरातलाच चिखल, थोडं गवत, आणि मग टाचेने दाबत राहतात. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येऊन बघतात. खेकड्याला शिव्या देत नाहीत, बांध नवा घालायची भाषा करत नाहीत. आपण काय करतो? एक दिवस नाम चुकलं की सोमवारपासून पहाटे चारला उठायचा संकल्प सोडतो! अहो, बीळ कुठे आहे ते तर बघा आधी. रात्री साडेअकरा ते एक फोन हातात असतो, ते बीळ आहे. पहाटेच्या चाराचं नंतर बघू.

या श्लोकावर प्रवचनकार बहुतेक इथेच थांबतात. इंद्रियनिग्रह, बांध घट्ट ठेवा, धन्यवाद. पण शेतकरी इथे थांबत नाही. दाणा पक्का झाला की कापणीच्या आठ-दहा दिवस आधी तोच बांध काका स्वतःच्या हाताने फोडतात. पाणी सोडून देतात. नाही सोडलं तर भात एकसारखं पिकत नाही, जमीन वाळत नाही, रोपं आडवी पडतात आणि विळा घेऊन गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. ज्या पाण्यासाठी महिनाभर बिळं बुजवली, ते एका सकाळी खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात.

आणि बघा, भागवताने हेही त्याच प्रकरणात ठेवलंय. पस्तिसाव्या श्लोकात ढग आहेत: होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं आणि मग पांढरे, हलके होऊन शोभायला लागले, इच्छा सोडलेल्या मुनींसारखे. छत्तिसाव्यात डोंगर आहेत: कुठे झरा सोडतात, कुठे सोडत नाहीत, जसे ज्ञानी लोक वेळ बघून देतात किंवा देत नाहीत. म्हणजे राखणं आणि सोडणं यात भांडण नाहीये. बांध हा साठेबाजीसाठी नसतोच. दाणा भरेपर्यंतची ती सोय आहे. धरून कशासाठी ठेवलं आणि सोडायचं कधी, हे ज्याला कळत नाही त्याच्या बांधाला काय अर्थ?

मधेच एक वेगळी गोष्ट, तेहतिसाव्या श्लोकाबद्दल. तो म्हणतो की शरदात पाणी पुन्हा स्वतःच्या मूळ रूपात, निर्मळ झालं, भरकटलेल्यांचं मन योगाने पुन्हा स्वच्छ व्हावं तसं. आमच्या खाचरात हे खरंय. जुलैचं चहासारखं पाणी आता तळ दिसेल इतकं नितळ आहे. कोणी गाळलं नाही, नुसतं स्थिर राहिलं आणि गाळ बसला.

आता अंबरनाथला या. शिवमंदिर तुम्ही पाहिलंच असेल. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. शिलाहारांच्या काळातलं, गाभारा पायऱ्या उतरून खाली आणि वर आकाश उघडं. त्याला लागून वाहते ती वालधुनी. पुढे उल्हासनगरातून जाऊन कल्याणला उल्हासला मिळते. नऊशे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंदिर बांधलं त्यांनी ही नदी शेजारी आहे म्हणूनच ही जागा निवडली असणार असं मला वाटतं. पावसाळ्यात वालधुनीला पूर असतो तेव्हा ती मातकट, म्हणजे नदीसारखी दिसते. पाऊस थांबला की खरा रंग येतो. कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी. शरद कितीही निर्मळ असू दे, ती नितळ होत नाही.

भागवताचा श्लोक खोटा पडला का? मला नाही वाटत. गाळ आणि रसायन यांत फरक आहे. गाळ म्हणजे धावपळ, उडालेली माती, मनात उठलेलं मोहोळ. ते स्वस्थ बसलं की बसतं, त्यासाठी जप, ध्यान, वाचन पुरतं. पण रोज कोणीतरी पाइप लावून आत काहीतरी सोडत असेल, तर नुसतं बसून ते खाली बसणार नाही. तो पाइप बंद करावा लागतो. एखाद्याचा द्वेष असतो, ऑफिसमधली तुलना असते, पैशाचा खोटा हिशेब असतो. ‘ध्यान करूनही शांत वाटत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा हे तपासावं. आणि मंदिरात गेलात तर वालधुनीत निर्माल्य टाकू नका, प्लीज. हे मात्र उपमा म्हणून सांगत नाहीये.

परत शेतावर. कारण हा अध्याय मी यंदा ज्या कारणाने इतक्यांदा वाचला ते अजून सांगायचं आहे.

आमच्या शेताला गिऱ्हाईक आलंय. एजंट तीन वेळा येऊन गेला, तिसऱ्यांदा आकडा वाढवून. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हेच चालू असेल. गेल्या आठवड्यात वडिलांची तिथी होती. पितृपक्षातलं पान वाढून झालं, कावळा वेळेवर आला, आणि जेवणं झाल्यावर विषय निघाला. दसऱ्याला सगळे जमणार आहेत तेव्हा ठरवायचं आहे. काकांचे गुडघे गेलेत. चुलतभाऊ पुण्याला, तो म्हणतो वर्षातून दोनदा येऊन मी काय शेती करणार. ताईचं नावही सातबाऱ्यावर आहे, २००५ च्या कायद्याने मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तिला तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत. यातलं कोणीही लोभी नाही. शेत विकणाऱ्याला कपाळकरंटा ठरवणारे जे मेसेज फिरतात ना, ते लिहिणाऱ्याने एकदा भातलावणी करून दाखवावी, मग बोलावं.

प्रश्न दुसराच आहे. आमची खाचरं उतारावर आहेत. पाणी वरच्या खाचरातून मधल्यात, मधल्यातून खालच्यात, आणि आमच्या खालून आणखी दोन घरांच्या शेतांत उतरतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वरच्या बाजूची एक जमीन विकली गेली. तिथे मुरूम टाकून भराव झाला. तेव्हापासून डोंगराकडचं पाणी आमच्याकडे पूर्वीच्या वाटेने येत नाही. जोराचा पाऊस पडला की एका कोपऱ्यातून लोंढा येतो, आणि पाऊस थांबला की झिरपून येणारं जे पाणी आणखी पंधरा दिवस मिळायचं ते बंद. यंदा इतका चांगला पाऊस होऊनही वरच्या खाचराला पाणी राखताना काकांचा घाम निघाला तो याच्यामुळे. उद्या आमच्यावर भराव पडला तर खालच्या दोन घरांचं तेच होणार. त्यांना कोणी आकडा विचारलेलाही नाही.

म्हणजे बांध दिसायला आपला असतो, पण त्याचं पाणी आपल्या एकट्याचं नसतं. सातबाऱ्यावर हे लिहिलेलं नाही. सात नंबरचा नमुना सांगतो जमीन कोणाची, बारा नंबरचा सांगतो त्यात काय पिकलं. पाणी पुढे कोणाकडे गेलं याला रकाना नाही. काकांची ई-पीक पाहणी मीच मोबाइलवर करतो, शेतात उभं राहून फोटो काढून. ‘क्षेत्र’ असा शब्द त्यात येतो आणि मला दर वेळी गीतेचा तेरावा अध्याय आठवतो.

तिथे ज्ञानेश्वर महाराजांनी फार मजेदार प्रकार केलाय. देह हे क्षेत्र, असं गीता म्हणते. महाराज लगेच विचारतात, मग हे शेत आहे कोणाचं? आणि जमिनीच्या दाव्यासारखी एकेकाची बाजू मांडतात. कोणी म्हणतं जीव मालक आहे, प्राण त्याचं कूळ, मन देखरेखीला आणि इंद्रियं म्हणजे जुंपलेले बैल. दुसरा उठतो, म्हणतो, छे, मालकी प्रकृतीची. तिसरा, चौथा, प्रत्येकाचा वेगळा दावा. तलाठ्याच्या ऑफिसात बसून लिहिल्यासारखं वाटतं! इ. स. १२९० मधलं हे लिखाण, पण वाद अजून तोच. आणि भगवंतांचं उत्तर असं की सगळ्या क्षेत्रांत जाणणारा मी आहे. एका क्षेत्रात नव्हे, सगळ्या. खालच्या दोन घरांच्याही.

विसाव्या अध्यायाचा बारावा श्लोकही इथे लागतो. शेतं पिकाने भरली, शेतकऱ्यांना आनंद झाला. पण आपल्या श्रीमंतीचा ताठा असलेल्यांना, सगळं दैवाच्या हाती आहे हे न जाणणाऱ्यांना, तेच बघून त्रास झाला. पूर्वी मला हे समजत नसे, भरलेलं शेत बघून कोणाला कशाला वाईट वाटेल? आता एजंटबरोबर आलेला माणूस आठवतो. तो बांधावर उभा राहून म्हणाला, ‘एवढ्या प्राइम जागेत भात? किती वेस्ट आहे.’ त्याला खरंच दुःख होत होतं. आणि तो वाईट माणूस नव्हता.

सदतिसावा श्लोक मात्र मला सगळ्यात जास्त टोचतो. उथळ पाण्यातल्या जीवांना पाणी रोज थोडं थोडं आटतंय हे कळलं नाही, जसं संसारात गुंतलेल्यांना रोज आयुष्य कमी होतंय हे कळत नाही. खालच्या खाचराच्या कडेला हे आत्ता दिसतं. छोटे मासे, बेडकाची पिल्लं. काल त्यांचं डबकं हातभर होतं, आज वीतभर. पोहणं तसंच चालू. बारवीची उंची वाढवली तेव्हा आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ते पाणी शहरांना मिळालं, मलाही मिळतं, माझ्या फ्लॅटच्या नळाला येतं. शहर पसरलं, भराव वाढले. हे सगळं रोज वीतभर या हिशेबाने होत आलंय, एका दिवसात नाही.

मी दसऱ्याला काय म्हणणार आहे ते काकांना सांगून झालंय. ताईचा वाटा तिला पैशात मिळावा, त्यासाठी मी कर्ज काढायला तयार आहे, आणि खालची दोन खाचरं निदान तीन वर्षं विकू नयेत. लावणी-कापणीला मजूर लावू. पण बांध बघायचं काम मजुरावर सोडता येत नाही, ते माझ्याकडे. बायको म्हणाली, ‘तीन वर्षांनी काय?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. चुलतभाऊ म्हणाला, ‘तुझं भावनिक आहे.’ आहेच. पण खालच्या दोन घरांचं पाणी भावनिक नाही. सगळे मान्य करतील असंही नाही, आणि ताईने नाही म्हटलं तर मी तिच्यावर रागावणार नाही, हे देवासमोर बसून स्वतःला रोज सांगतोय. तेही एक बीळच, बुजवत राहावं लागतं.

अध्यायाचा शेवट आनंदाचा आहे. अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात गावोगावी, नगरोनगरी आग्रयण, म्हणजे नव्या धान्याचा उत्सव चाललाय. आपली नवान्न पौर्णिमा ती हीच. कोजागिरीला मसाला दूध आपण सगळे पितो, पण त्याच दिवशी नव्या तांदळाचा नैवेद्यही असतो, आणि दाराला भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुर्डूची किंवा झेंडूची फुलं, आंब्याची पानं एकत्र बांधून ‘नवं’ लावतात. फ्लॅटच्या सेफ्टी डोअरलाही लावता येतं, काकू दर वर्षी माझ्याकडे एक पाठवते. देवाला दाखवल्याशिवाय नवा तांदूळ घरात शिजत नाही. गीतेचा तिसरा अध्याय म्हणतो ना, की देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटाच खातो तो चोर. तेच हे, स्वयंपाकघरात.

शेवटच्या श्लोकात पावसाने अडकून पडलेले लोक आपापल्या कामाला बाहेर पडतात: व्यापारी, मुनी, राजे, शिक्षण पुरं झालेले विद्यार्थी. पहिला मान व्यापाऱ्याला! उल्हासनगरच्या बाजारात या दिवसांत एक चक्कर मारा, दिवाळीच्या मालाचे गठ्ठे हलायला लागलेले दिसतील. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांच्या छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. शेतं, घरं सिंधमध्ये सोडून आलेली माणसं ती. त्यांनी जमिनीशिवायही देव आणि घर राखलं, हे मी दसऱ्याच्या चर्चेत विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतोय.

या आठवड्याचा अभ्यास सोपा ठेवतो. एकेचाळिसावा श्लोक रोज एकदा अर्थासकट वाचा. आणि दिवसातली एकच गळती शोधा, एकच. बुजवली का, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघा.

आमच्या वरच्या खाचरातलं हळवं तयार होतंय. दाणा दाबला तर आता दूध निघत नाही, कडक लागतो. येत्या शनिवारी सकाळी त्याचा बांध फोडून पाणी मधल्या खाचरात सोडायचं आहे, तिथे अजून दाणा भरतोय. काकांनी सांगितलंय, या वेळी कुदळ तू घे.

उद्या अध्याय २१, वेणुगीत.

राम कृष्ण हरी.